पाण्यात मुळं फुटलेल्या काड्या कुंडीत लावल्या की माना का टाकतात?

तुमच्या जास्वंदाच्या तीन काड्यांना बाटलीत पांढरीशुभ्र मुळं फुटली, रविवारी तुम्ही त्या कुंडीत लावल्या, तिसऱ्या दिवशी माना टाकल्या, आणि आता सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही फरक नाही. एक तर वाळलीच. बरोबर ना? मग आज पाणी देऊ नका. बोटाच्या दोन पेरांइतकी माती उकरून बघा, ओलीच असेल.

पाण्यात वाढलेल्या मुळाला पाणी शोधावं लागत नाही. त्याच्यावर मातीतून ओलावा ओढणारी केसांसारखी बारीक लव फारशी नसते आणि ते ठिसूळही असतं. मातीत गेल्यावर त्यातली बरीच मुळं मरतात, त्यांच्या जागी नवी फुटायला आठ-पंधरा दिवस जातात. तोवर पानं मात्र पाणी सोडतच राहतात. त्यात हे एप्रिलअखेरचं नागपूर, पारा ४३-४४ वर. दोरीवरचा ओला टॉवेल अर्ध्या तासात खडखडीत होतो, तिथं त्या कोवळ्या पानांची काय कथा! खालून आवक नाही, वरून खर्च चालू. अशा वेळी कुंडी भरून पाणी ओतलं की मातीतली हवा निघून जाते आणि उरलीसुरली मुळंही कुजतात. काडीभोवतीची हवा ओली हवी. माती नुसती दमट असली तरी पुरते.

मी काय करतो ते सांगतो. टोकाची दोन पानं ठेवून बाकीची काढतो. ती मोठी असली तर कात्रीने अर्धी कापतो. दिसायला भिकार दिसतं, पण खर्च निम्म्यावर येतो. कळी असेल तर खुडायची, जीव कितीही तुटला तरी. मग दोन लिटरच्या बाटलीचा बूड कापून ती काडीवर उपडी नाही, सरळच बसवतो, झाकण लावून. संध्याकाळपर्यंत आतून दव धरतं. तीन-चार दिवस बंद. मग झाकण काढायचं, आणखी दोन-तीन दिवस तसंच. त्यानंतर संध्याकाळी तासभर बाटली उचलायची, पुढे रात्रभर. दहा-बारा दिवसांत काडी उघड्या हवेला सरावते. मध्येच मान टाकली तर एक पायरी मागे यायचं.

बाटली उन्हात ठेवायची नाही, अजिबात नाही. पहिल्या वर्षी मी सकाळचं कोवळं ऊन म्हणून गच्चीवर ठेवली आणि उचलायला विसरलो. अकराला बघतो तर पानं शिजलेल्या पालकासारखी. भरपूर उजेड, पण सावली, म्हणजे उत्तरेच्या खिडकीच्या आत किंवा उजेड येणाऱ्या जिन्याखाली. कूलरची हवा ओली असते म्हणून तिच्या झोतासमोर कुंडी ठेवण्याची हुशारीही मी करून पाहिली आहे. काडी दिवसभर डुलत राहिली, नवी मुळं काही टिकेनात. झोताच्या बाजूला, चार-पाच फूट लांब ठेवली तर मात्र छान चालतं.

मातीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे बहुतेक जण अंगणातली काळी माती भरतात. ती ओली असताना चिखल आणि वाळली की फुटून भेगा. भेग पडताना कोवळं मूळ तुटतं. निम्मी रेती आणि थोडा धुतलेला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा. कुंडीही मोठी नको. दह्याच्या छोट्या डब्याला खाली चार भोकं पाडली की झालं. मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओली राहते. लावताना अंगठ्याने दाबू नका, पाण्यानेच माती बसू द्या. लावायची वेळ सूर्य कलल्यावरची. खत महिनाभर नाही, शेणखतसुद्धा नाही.

आता उरलेल्या दोन काड्या. दुपारी मान टाकून रात्री उठत असतील तर काळजी नको, ती तहान नाही, ऊन आहे. पण सकाळी सहालाही लोंबत असतील तर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर पानं छाटून लगेच बाटलीखाली घ्या. तपकिरी असेल तर सोडून द्या. वाळलेली तिसरी उपटाल तेव्हा मुळंही बघा, बुळबुळीत आणि वास मारणारी असतील तर पाणीच जास्त झालं होतं.

जगल्या तरी नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, संपेपर्यंत त्यांना थेट ऊन दाखवू नका, नवं पान आलं तरी नाही. हिरव्या जाळीखाली सकाळी आठपर्यंतचं ऊन पुष्कळ झालं. आणि आणखी काड्या लावायचा बेत असेल तर मृगाचा पाऊस येऊ द्या बाप्पा, तेव्हा बाटली-बिटली काही लागत नाही. खरवडल्यावर काय रंग दिसला ते इथेच लिहा, मग पुढचं बघू.