ते माझे कोण लागत होते?

"मॅडम, माझे स्वतःचे वडील गेले तेव्हा मी एवढी रडले नव्हते. आणि आता समोरचे सर गेले तर दोन महिने झाले तरी रोज संध्याकाळी रडू येतं. माझ्यात काही बिघडलंय का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे बरेचदा येतो. कुणाची मैत्रीण गेलेली असते, कुणाचे गाण्याचे गुरुजी, एका आजोबांचा तर रोज बागेत सोबत चालणारा मित्र गेला होता. सगळ्यांना आधी हेच विचारायचं असतं की एवढं वाईट वाटून घ्यायचा मला हक्क आहे का, कारण नात्याने तर ते माझे कोणीच नव्हते. म्हणून वरचा प्रश्न विचारणारीची केस सांगते, तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती सांगलीची, वय ४३, बँकेत नोकरी, नवऱ्याची नोकरी फिरतीची, मुलगा अकरावीला. समोरच्या दारात सर राहायचे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, काकू आधीच गेलेल्या, मुलगा कॅनडात. ही त्यांची विद्यार्थिनी नाही बरं का, ही कॉमर्सची. नवीन राहायला आली तेव्हा विरजण मागायला सरांचं दार वाजवलं आणि एका हातात विरजणाची वाटी, दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन परत आली, तिथून सुरुवात. पुढे अकरा वर्षं, बँकेतून आली की दोन कप चहा करायचा, एक समोर न्यायचा आणि अर्धा तास बसायचं हे ठरलेलंच. बोलणं कशावरही. भाजीचे भाव, बँकेतली भांडणं, मधेच तत्त्वज्ञ स्पिनोझा, मधेच सर तरुणपणी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहिले होते तिथल्या आठवणी. (ही संस्था प्रताप शेठजींनी १९१६ साली सुरू केलेली, साने गुरुजीही काही काळ तिथे होते, मला हे हिच्याकडूनच कळलं.) आणि काहीही तावातावाने सांगितलं की सर शांतपणे विचारायचे, "म्हणजे नेमकं काय?" सासूबाई माझ्याशी नीट वागत नाहीत. म्हणजे नेमकं काय? मला कंटाळा आलाय. म्हणजे नेमकं काय? ती म्हणाली, सुरुवातीला राग यायचा, नंतर सवय लागली, आणि आता मॅडम अख्ख्या घरात मला हा प्रश्न विचारणारं कोणी नाही.

सर गेले मार्च एंडला. बँकेत काम करणाऱ्यांना माहितीये ते दिवस कसे असतात, रात्री दहा-दहापर्यंत क्लोजिंग चालतं. त्या संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी सरांचा फोन येऊन गेला, हिचा मोबाईल ड्रॉवरमध्ये सायलेंटवर. घरी आली तेव्हा सरांच्या दाराला कुलूप, खालच्या मजल्यावरच्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. आयसीयूच्या दारात विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" ही म्हणाली, शेजारी. मग बाहेरच बसा. पहाटे सर गेले.

पुढचं तिने एका दमात सांगितलं, मीही मधे थांबवलं नाही. मुलगा कॅनडाहून येईपर्यंत सगळी धावपळ हिनेच केली, सरांच्या घराची एक किल्ली कायम हिच्याकडे खिळ्याला असायची ती त्याच्या हातात दिली. आलेल्या माणसांना चहा-पाणी केलं. सुतक नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर, रजा मागितली तर वरिष्ठांनी विचारलं, नात्यातले होते का? दहावा-बारावा सरांच्या गावाकडे झाला, हिला कुणी या म्हणालं नाही, नको असंही म्हणालं नाही, डोक्यातच आलं नाही कुणाच्या. आणि मग एका रविवारी समोरचं दार उघडं दिसलं, आत रद्दीवाला तराजू घेऊन बसलेला आणि सरांच्या पुस्तकांचे गठ्ठे दोरीने बांधले जात होते. ही दारात उभी राहिली. एक शब्द फुटला नाही. कारण बोलणार कुठल्या नात्याने?

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी रडू. नवरा म्हणाला, अगं वय झालं होतं त्यांचं. सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील, एवढं काय लागत होते ते तुझे?

आपल्या भाषेतला हा "कोण लागतो" शब्द बघा. मामा लागतो, चुलत दीर लागतो. लागणं म्हणजे नातं. या लागण्याच्या यादीवरच आपली सगळी दुःखाची व्यवस्था उभी आहे, सुतक कुणाला, किती दिवस, भेटायला कुणाकडे जायचं, रजा कुणाला मिळणार. व्यवस्था वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, तेरा दिवस माणसाला एकटं सोडायचं नाही ही फार शहाणपणाची गोष्ट आहे. पण यादीत नाव नाही त्याला ते तेरा दिवस मिळत नाहीत, एवढंच. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली यावर, म्हणजे 'डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ' (हक्क नाकारलेलं दुःख) यावर, अख्खं पुस्तक काढलं, त्याचं म्हणणं असं की जे दुःख समाज मोजतच नाही, ज्याला उघडपणे रडायची परवानगी नसते, ते जास्त चिघळतं, कारण त्याला कुणाचा खांदा मिळत नाही आणि हळूहळू माणूस स्वतःही स्वतःला परवानगी नाकारायला लागतो. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे याला नाव आहे?

आहे. आणि नुसतं नाव आहे म्हटल्यावर तिचे खांदे खाली आले, मला दिसले.

वडिलांचं म्हणाल तर तिथे आम्ही जरा सावकाश गेलो, कारण तो अपराधीपणा फार खोल होता. वडील तीन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला होते. त्या तीन वर्षांत ही थोडं थोडं रडतच होती, ते गेले तेव्हा रडण्याबरोबर सुटल्यासारखंही वाटलं होतं आणि त्याची लाज अजून मनात होती. शिवाय ही थोरली, तेरा दिवस घरात माणसं, विधी, स्वयंपाक, आईला सांभाळणं. मी तिला एवढंच म्हटलं की दोन मरणं तराजूत घालून कुणावर प्रेम जास्त होतं हे निघत नाही. अश्रूंवरून तर नाहीच नाही. वडील गेले तेव्हा तुझी रोजची संध्याकाळ तशीच राहिली होती, सर गेले तर रोज सात वाजता हातात दोन कप येतात आणि एक परत ठेवावा लागतो. जो माणूस रोजच्या दिवसात बसलेला असतो तो रोज जातो.

इथे एक सांगून ठेवते. दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते क्रमाने पार करायचे असतात असं बरेच जण फोनवर वाचून येतात आणि मग "मी अजून स्वीकाराच्या टप्प्याला कशी आले नाही" म्हणून घाबरतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी तो टाइमटेबल नाही. माझ्या अनुभवात तर माणूस झोपाळ्यासारखा असतो, सकाळी आठवणीत बुडालेला, दुपारी ऑफिसात जोक ऐकून हसणारा, रात्री परत रडणारा. स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी हेच जाणं-येणं निरोगी असतं असं मांडलंय. हसलात म्हणजे विसरलात असं नाही.

पण तिच्या मनातला खरा काटा वेगळाच होता, तो तिसऱ्या सेशनला निघाला. म्हणाली, मॅडम मी रडते म्हणजे सरांनी शिकवलेलं सगळं वाया घालवते. ते म्हणायचे मरणाला भिण्याचं कारण नाही. तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलंच उदाहरण, सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे, हे माझ्या मुलाला त्यांनीच शिकवलं, त्यांच्यामुळेच त्याने लॉजिक घेतलं. सगळं कळतं. मग रडू का येतं? आणि शेवटचा फोनसुद्धा मी उचलला नाही.

मला तत्त्वज्ञानातलं काही फारसं येत नाही. मी एवढंच विचारलं, "सर समोर असते आणि तू हे त्यांना सांगितलं असतंस, तर काय म्हणाले असते?"

ती लगेच म्हणाली, "म्हणजे नेमकं काय?" आणि हसली आणि हसता हसता रडली.

पुढच्या वेळी आली ती हातात वही घेऊन. सरांनी एकदा सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट, त्याचा शिष्य प्लेटो याच्या 'फीडो' या पुस्तकातली, तीन-चार संध्याकाळी सांगितली होती, तिने तेव्हाच लिहून ठेवलेली. तिला त्यातलं एवढंच आठवत होतं की सॉक्रेटिस शांतपणे विष प्याला आणि रडणाऱ्यांना रागावला. वहीत मात्र पुढचं होतं. रागावला, कारण सगळेच रडत होते. अपोलोडोरस तर मोठ्याने. आणि ज्याच्या तोंडून ही गोष्ट येते तो फीडो स्वतः सांगतो की मी तोंडावर पांघरूण घेतलं आणि रडलो, त्याच्यासाठी नाही, असा मित्र मी गमावला म्हणून स्वतःसाठी. दिवसभर आत्मा अमर आहे की नाही यावर वाद घालून झालेली ती माणसं, त्यांनाही शेवटी रडू आवरलं नाही.

"आणि मॅडम," ती म्हणाली, "प्लेटो तिथे नव्हताच. आजारी होता बहुतेक, असं त्यातच लिहिलंय. सरांना ते वाक्य फार आवडायचं. म्हणायचे बघ, जो हजर नव्हता त्यानेच सगळं सांभाळून ठेवलं."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तिच्या सरांनीच ते सेशन घेतलं होतं.

त्यानंतर आम्ही व्यवहाराच्या गोष्टींकडे वळलो. सातच्या चहाचं काय करायचं? ती वेळ टाळण्यासाठी ती बँकेतच उशिरापर्यंत बसायला लागली होती. मी म्हटलं टाळू नको, पण एकटी बसू नको. आणि मुलगा? त्याला कुणी विचारलं का? ती चपापली. त्याचेही सर होतेच की ते. तिने घरी जाऊन विचारलं तर कळलं की पोरगं क्लासहून येताना रोज समोरच्या दाराकडे न बघता घरात शिरायचं. आता सातला दोघं बसतात, तो कॉफी पितो, कधी बोलतात कधी नाही.

दुसरं म्हणजे सरांच्या मुलाला मेसेज करायचा. याला तिने तीन आठवडे लावले. आपण आगाऊपणा करतोय, त्यांच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसतोय असं वाटत होतं. शेवटी दोन ओळी लिहिल्या, सरांची काही पुस्तकं उरली असतील तर एखादं आठवण म्हणून मिळेल का. अर्ध्या तासात त्याचा फोनच आला. म्हणाला, मी तुम्हालाच विचारणार होतो पण कसं विचारू कळत नव्हतं. बाबा शेवटची वर्षं संध्याकाळी काय करायचे? काय बोलायचे? मला रविवारी दहा मिनिटं फोनवर दिसायचे, बाकी मला काहीच माहीत नाही.

तिने मला हे सांगितलं तेव्हा माझ्याच डोळ्यात पाणी आलं. जिला वाटत होतं की आपल्याला हक्क नाही, तिच्याकडेच त्या माणसाची अकरा वर्षं होती, आणि ज्याचा सगळा हक्क होता तो ती मागत होता.

पुस्तकं बरीचशी गेलीच होती, ते दुःख आहेच. पण वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश, १९७४ चा, तिन्ही खंड, रद्दीवाल्याला दिले नव्हते. समासात सरांच्या पेन्सिलीच्या खुणा. ते आता हिच्याकडे आहेत. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं पूर्वी मानायचे, १९९० च्या दशकापासून मात्र अभ्यासक उलट म्हणतात की नातं वेगळ्या रूपात चालू ठेवणं बहुतेकांना बळच देतं. मला स्वतःला "मूव्ह ऑन" हा शब्द कधीच पटला नाही.

आता ज्यांना काळजी वाटते त्यांच्यासाठी स्पष्ट सांगते, दोन महिने रडू येणं म्हणजे आजार नाही. पण सहा महिने उलटून गेले, बहुतेक रोज तीच तीव्र ओढ किंवा तीच वेदना, काम, जेवण, माणसं सगळं सुटत चाललंय, तर मात्र तज्ज्ञाला भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकन यादीत मोठ्यांसाठी एक वर्षाची. आणि जगणंच नको वाटतंय असे विचार येत असतील तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं.

तिला तशी गरज पडली नाही. सात सेशन झाली. शेवटच्या सेशनला तिने मोबाईल काढून दाखवला, ७:४० चा तो मिस्ड कॉल तिने अजून डिलीट केलेला नाही. म्हणाली, आधी वाटायचं की त्यांना दुखत होतं म्हणून केला असेल, मी उचलला असता तर वाचले असते. डॉक्टरांनी सांगितलंय की तसं नव्हतं, तरी वाटायचं. मग सरांच्या मुलाबरोबर बोलताना आम्ही जुने फोन आठवत बसलो, सर मला कशाकशासाठी फोन करायचे. सिलिंडर आलाय पैसे देऊन टाकले. पाणी उद्या येणार नाही, भरून ठेव. तो शब्द सापडला बघ, काल अडला होता तो.

"मग आता काय वाटतं, कशासाठी केला असेल?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण पाण्याचाच असावा. दुसऱ्या दिवशी खरंच पाणी आलं नव्हतं."