फीची अट आधी मागे घ्या

सप्रेम नमस्कार,

चंद्रपूरहून पाठवलेले तुमचे पत्र वाचले. मुलगी नागपुरात मायनिंग इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला भूमिगत खाणींच्या व्हेंटिलेशनमध्ये, म्हणजे आत हवा खेळती ठेवण्याच्या कामात, जायचे आहे. ‘कॉम्प्युटरला जा, नाहीतर पुढची फी भरणार नाही’ असे तुम्ही तिला बजावले आहे. तिचे गुण चांगले आहेत. मला काळजी वाटली ती या अटीची. तुमची नोकरी कोळसा खाणीत झाली, तिथले अपघात तुम्ही पाहिलेत. ती भीती तिच्याजवळ मोकळेपणाने बोलायला हवी होती. त्याऐवजी तुम्ही फी अडवलीत. आता ती घरात खाणीचे नावही काढणार नाही, अडचणीत सापडली तरी नाही. अट मागे घ्या, आजच.

‘फॅन चालवायला इंजिनीअर कशाला? गॅस वाढला की मोठा फॅन लावायचा,’ असे तुम्ही लिहिता. हे साफ चूक आहे. हेडिंग, म्हणजे खाणीत पुढे खोदत न्यायची वाट, पुढून बंद असते, मुख्य फॅनची हवा आपणहून तिथे वळत नाही. ताज्या हवेच्या वाटेवर ऑक्झिलरी (जोड) फॅन बसवून डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, ती फेसपर्यंत, म्हणजे खोदकाम चालते त्या टोकापर्यंत, न्यावी लागते. फॅनपाशी जेवढी हवा येते, त्याहून जास्त तो ओढू लागला तर फेसवरून परतलेली गॅसमिश्रित हवाच पुन्हा आत जाते. मोठ्या फॅनने धोका वाढतो तो असा. डक्ट फाटला की फॅन फिरत राहतो, पण फेसपर्यंत हवा पोचत नाही. हा गॅस म्हणजे मिथेन; तो हवेपेक्षा हलका, छताशी साचतो. हवेत 5 ते 15 टक्के असताना एक ठिणगी पुरते. म्हणूनच फॅन थांबला की माणसे बाहेर काढतात आणि गॅस तपासल्याशिवाय तो पुन्हा सुरू करत नाहीत. किती हवा, केवढा डक्ट, गळती किती धरायची, हे सगळे इंजिनीअरला ठरवावे लागते.

‘बाईमाणसाचे काम नाही’ म्हणाल, तर तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना खाणीत उतरायची परवानगी 2019 मध्येच मिळाली आहे.

गेट ही प्रवेश परीक्षा, कोल इंडियाची भरती आणि डीजीएमएसचे (खाण सुरक्षा महासंचालनालयाचे) मॅनेजर सर्टिफिकेट हे रस्ते तिला ठाऊक असतीलच. मात्र एक गोष्ट तिलाही स्पष्ट सांगतो: आपल्याकडचा बहुतेक कोळसा ओपनकास्टमधून, म्हणजे उघड्या खाणींतून, निघतो, त्यामुळे केवळ भूमिगत कोळसा खाणीवर भिस्त ठेवू नये. मॉईल या सरकारी कंपनीच्या भूमिगत मँगनीज खाणी आहेत. शिवाय खोदकाम सुरू असलेला मेट्रोचा किंवा घाटातला बोगदाही पुढून बंदच असतो, तिथेही हेच फॅन आणि हेच डक्ट लागतात. प्रशिक्षणाची एक सुट्टी तिने खाणीत काढावी, दुसरी बोगद्याच्या कामावर. शाखेबद्दल त्यानंतर तिच्याशी बोला.