रेड वाईन तुरट लागते, काय करू?

प्रश्न: दादा, रेड वाईनचा नाद लागलाय पण बजेट कमी. परवा नाशिकची साधी शिराज आणली, नान-खलियासोबत घेतली तर नुसती तुरट, वर नाकात झणका. पैसे वाया गेले का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: वाया कशाला जातील हो, तुम्ही ती कोमट पिलात. रूम टेंपरेचरला प्या म्हणतात ते युरोपातल्या गार घरांसाठी, आपल्याकडं मे महिन्यात खोलीच 35 च्या वर. रेडला 16 ते 18 डिग्री बरी, म्हणून बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, कोणी हसलं तर हसू द्या. गरम वाईनचं अल्कोहोल आधी नाकात जातं अन् फळाचा वास मागंच राहतो. तुरटपणा द्राक्षाच्या सालीतल्या, बियांतल्या टॅनिन नावाच्या घटकाचा, जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी होती तसं. मटणाच्या चरबीनं तो मऊ पडतो पण तिखटानं उलट झोंबतो, तुमचा खलिया जाळ असणार!

स्वस्तात चांगली पाहिजे तर नाशिकचीच बघा, इम्पोर्टेडच्या किमतीत ड्युटीच लई असते. अन् उन्हात शोकेसमध्ये उभी केलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नका, मी एकदा डिस्काउंट बघून घेतली अन् शिजवलेल्या मनुक्यासारखी लागली, शेवटी मटणात ओतली. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस चालते.