‘अतिसंवाहक जोड’ की ‘अतिसंवाहक सांधा’?

प्रश्न असा आहे : ‘सुपरकंडक्टिंग जंक्शन’साठी एका अनुवादात ‘अतिसंवाहक जोड’ असा शब्द योजला आहे. तो चालेल का, की ‘संधी’ म्हणावे? (अतिसंवाहक म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विजेला रोध न करणारा पदार्थ, आणि जंक्शन म्हणजे असे दोन पदार्थ जिथे भेटतात ती जागा.)

‘जोड’ चालणार नाही. शब्द वाईट आहे म्हणून नव्हे, तर तो याच क्षेत्रातल्या दुसऱ्या वस्तूसाठी लागतो म्हणून.

एमआरआय यंत्राच्या चुंबकात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी असते. ती द्रवरूप हेलियमच्या मदतीने ४.२ केल्विनच्या आसपास ठेवतात. एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहावा, यासाठी तारेची टोके अशी जोडावी लागतात की जोडाचा रोध ओहमच्या लाख-कोटीव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी राहील. एका प्रचलित पद्धतीत तारेवरचे तांबे नायट्रिक आम्लात विरघळवून आतले केसासारखे तंतू मोकळे करतात, ते वितळलेल्या कथिलात बुडवतात आणि मग शिसे-बिस्मथच्या मिश्रधातूत बसवतात. तंतूंना मधेच हवा लागली, तर ऑक्साइड चढते आणि जोड बिघडतो. शिवाय हा मिश्रधातू तीव्र चुंबकीय क्षेत्रात अतिसंवाहक राहत नाही, त्यामुळे जोड गुंडाळीपासून दूर, कमी क्षेत्राच्या जागी ठेवतात. हा खरा जोड. दोन टोके एकजीव व्हावीत, मध्ये काही उरू नये, हाच त्याचा हेतू. ‘तारेला जोड दिला’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके हेच अभिप्रेत असते.

जंक्शनमध्ये याच्या उलट घडते. तिथे दोन अतिसंवाहकांच्या मध्ये मुद्दाम काहीतरी ठेवलेले असते. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, असे भाकीत केले की मधला विसंवाहक, म्हणजे वीज वाहू न देणारा, थर पुरेसा पातळ असेल, तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्यातून आरपार जातील आणि विद्युतदाब शून्य असतानाही प्रवाह वाहील. अँडरसन आणि रॉवेल यांनी पुढच्याच वर्षी तो प्रयोगात दाखवला. ॲल्युमिनियमचा जंक्शन करताना निर्वात कक्षात पहिला थर चढवतात, मोजून ऑक्सिजन सोडतात, पृष्ठभागावर एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पापुद्रा येऊ देतात आणि त्यावर दुसरा थर चढवतात. सगळे कसब त्या पापुद्र्यात आहे. तो किंचित जाड झाला तरी प्रवाह घातांकी वेगाने घटतो. त्यात सूक्ष्म छिद्र राहिले, तर दोन्ही धातू थेट भिडतात आणि जंक्शनचा नुसता जोड होऊन बसतो! अनुवादात ‘जोड’ वापरला तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

हा दोष थंड करण्याआधीही पकडता येतो. विनय अंबेगावकर आणि बाराटॉफ यांच्या १९६३ च्या सूत्रानुसार क्रांतिक प्रवाह (विद्युतदाब शून्य असताना वाहू शकणारा कमाल प्रवाह) आणि सामान्य अवस्थेतला, म्हणजे धातू अतिसंवाहक होण्याआधीचा, रोध यांचा गुणाकार ठरावीक असतो. ॲल्युमिनियमसाठी अतिशीत तापमानाला तो सुमारे ०.२८ मिलिव्होल्ट येतो. म्हणून १० किलोओहम रोधाच्या जंक्शनमध्ये साधारण २८ नॅनोअँपिअर क्रांतिक प्रवाह अपेक्षित धरावा. खोलीच्या तापमानालाच रोध अवाजवी कमी भरला, तर छिद्राचा संशय घ्यावा.

आता ‘संधी’. अर्थाने तो अचूक आहे, पण वाक्यात अडचण करतो. विद्युतदाब अचूक ठरवणाऱ्या प्रमाणकासाठी एका चिपवर हजारो जंक्शन एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले असतात. ‘या चिपवर हजारो संधी आहेत’ असे लिहिले, तर वाचक आधी नोकऱ्याच शोधेल. ‘संधी निर्माण करणे’, ‘संधी वाया जाणे’ यांचेही तेच. शिवाय एकवचन आणि अनेकवचन सारखेच, त्यामुळे एक की अनेक हे क्रियापदावरून ओळखावे लागते.

माझा कौल ‘सांधा’ या शब्दाला आहे. तो संधीचाच वंशज. सांधा, सांध्यातून, सांधे, सांध्यांमध्ये अशी त्याची रूपे बिनतक्रार चालतात. हाडांच्या सांध्यातही दोन हाडे एकजीव झालेली नसतात, मध्ये कूर्चा असते, आणि म्हणूनच तो सांधा काम करतो. त्याच्याच कुळातल्या ‘सांध’ शब्दाला तर मिलाफ आणि फट असे दोन्ही अर्थ आहेत. भिंतीतल्या दोन दगडांची सांध म्हणताना दोन्ही डोळ्यांपुढे येतात. जंक्शनच्या कल्पनेला याहून जवळचा मराठी शब्द मला दिसत नाही.

समासात मात्र ‘संधि-’ घ्यावा, ऱ्हस्व : संधिरोध, संधिप्रवाह. ‘दात’ म्हणतो पण ‘दंतवैद्य’ लिहितो, ‘हाड’ म्हणतो पण ‘अस्थिभंग’ लिहितो, तसेच हे.

मधला भाग विसंवाहक नसून नुसती धातूची अरुंद मान असेल, तर त्या प्रकाराला (इंग्रजीत ‘वीक लिंक’) ‘क्षीण दुवा’ म्हणावे. तिथे पापुद्रा नसतोच. आणि ‘अतिचालक’ हा हिंदीतला शब्द मराठीत आणू नये, कारण आपल्याकडे चालक गाडी चालवतो. ‘अतिवाहक’ आणि ‘अतिसंवाहक’ दोन्ही रूढ आहेत. एका लेखात एकच ठेवा.