समुद्रातील पवनचक्की मोडीत काढल्यावर ९० टक्के माल खरेच परत मिळतो का?

समुद्रातील पवनचक्क्यांचा ८५ ते ९० टक्के माल पुनर्वापरात जातो, हा दावा कितपत खरा आहे, असे आपण विचारले आहे. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील एका फाउंड्रीत मी भंगार खरेदीचे काम पाहतो, म्हणून त्या अंगाने उत्तर देतो. दावा खोटा नाही. मात्र हे प्रमाण वजनावर काढलेले आहे, आणि समुद्रतळात रोवलेला पाया त्यात अनेकदा धरलेला नसतो.

मनोरा पोलादी प्लेटचा असतो, तर पाती जिथे बसवतात तो हब एस. जी. आयर्नचा (गोलाकार ग्रॅफाइट कण असलेल्या चिवट ओतीव लोखंडाचा) असतो. असा माल एका प्रतीचा मिळाला तर कोणतीही फाउंड्री तो हातोहात उचलेल. खरी अडचण मिसळीची आहे. जनरेटर नीट न उलगडता तोडला, तर तांब्याच्या गुंडाळीचे तुकडे लोखंडात राहतात; आणि तांबे भट्टीत जळतही नाही, मळीबरोबर (वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या कचऱ्याबरोबर) वरही येत नाही, ते पोलादातच मुरते आणि पुढे तापवून लाटताना पृष्ठभागावर चिरा पाडते. त्यामुळे गॅस कटर हाती असलेला कामगार काय वेगळे काढतो, यावर मालाचा भाव ठरतो. जनरेटरमध्ये निओडिमियम या धातूचे अतिशय जोरदार चुंबक असतील, तर ते सुमारे ३१० अंशांच्या वर तापवून त्यांचे चुंबकत्व आधी घालवणे इष्ट, कारण एरवी ते अवजारांसकट बोटेही ओढून चिरडतात.

पात्यांचे काचतंतू आणि त्यांना जोडणारी इपॉक्सी राळ मात्र धातूसारखी वितळवून परत वापरता येत नाहीत. जर्मनीत लेगरडोर्फ येथील सिमेंट भट्टीत ती जाळली जातात. राळ इंधनाचे काम करते, काचेतील सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट करायच्या भाजलेल्या गोळ्यांत, जाते. तंतू तंतू म्हणून उरत नसताना याला पुनर्वापर म्हणणे मला जरा उदारपणाचे वाटते. सीमेन्स गमेसा या पवनचक्की बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये सौम्य आम्लात सुटणाऱ्या राळेची पाती आणली, पण आज उतरणारी पाती जुन्याच राळेची आहेत.

डेन्मार्कमधील विंडेबी हे १९९१ चे, ११ चक्क्यांचे, जगातील पहिले समुद्री पवनक्षेत्र २०१७ मध्ये उतरवले. त्याचे पाये काँक्रीटचे असल्याने जागीच फोडून काढता आले. आजचे बहुतेक पाये पोलादी नळ्यांचे आहेत. ते तळाखाली काही मीटरवर कापतात आणि उरलेले, एरवी उत्तम प्रतीचे पोलाद तिथेच सोडतात.

गुजरात व तमिळनाडूच्या समुद्रातील प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या पवनऊर्जा प्रकल्पांसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केले. अशा प्रकल्पांच्या निविदांमध्येच कोणत्या भागात कोणता मिश्रधातू आहे, याची यादी मागून ठेवावी, असे मला वाटते.