बंबातलं पाणी लगेच कोमट होतंय?

नवा बंब घ्यायचा विचार तूर्तास सोडा. बहुतेक वेळा दोष बंबाचा नसतो, सरपणाचा असतो. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळवतं, मग तुमचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. टणकन वाजल्या तर वाळलेल्या, थप्प वाजल्या तर अजून उन्हात राहू द्या. नारळाच्या करवंट्या मिळत असतील तर साठवून ठेवा, पावसाळ्यात त्यांच्यासारखा आधार नाही.

मग खालची जाळी बघा. राख साचली की वारा कोंडतो आणि जाळ धुमसत राहतो. रोज पेटवण्याआधी राख काढा. बंबाच्या मधली, सरपण घालायची नळी वरपर्यंत ठासायचा मोह सगळ्यांना होतो (मीही केलाय, घरभर धूर!). थोडं थोडं घालत राहा. नळीतली काजळीही अधूनमधून खरवडा, ती ऊब पाण्यापर्यंत पोचू देत नाही.

आणि निखारे विझल्यावर गार पाणी ओतत राहिलात तर ते कोमट होणारच.

दोन बाबतींत मात्र हयगय नको:
- रिकामा बंब पेटवू नका, सांध्यांचा डाक (धातूचा जोड) सुटतो.
- बंद न्हाणीघरात पेटवू नका. धुराबरोबर येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आतल्या क्षारांचं नंतर बघू. आधी आठवडाभर एवढंच करा.