पहिला ग्रँट प्रस्ताव लिहिताना

अर्ज उघडण्याआधी तुझ्या शिकवण्याच्या तासांचा हिशेब मांड. अमेरिकेत आपल्यासारख्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कॉलेजांत सत्राला चार-चार कोर्स अंगावर असतात आणि संशोधनाचं घोडं तिथेच अडतं. एनएसएफ म्हणजे संशोधनाला निधी देणारी अमेरिकी सरकारची संस्था. तिच्या संगणकशास्त्र विभागाने अशा कॉलेजांसाठी संशोधन विस्ताराची वेगळी योजना काढली.

माझ्या पहिल्या प्रस्तावात मी जीपीयू सर्व्हर, म्हणजे जड आकडेमोडीचा मोठा संगणक, मागितला होता, पण तो सांभाळणार कोण हे लिहिलंच नव्हतं. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. पुढच्या खेपेला एका कोर्समधून सूट आणि दोन विद्यार्थ्यांचं मानधन मागितलं. त्यातला एक मुलगा दुकानात रात्रपाळी करायचा. मानधन सुरू झालं, त्याने पाळी सोडली आणि संध्याकाळी लॅबमध्ये बसू लागला. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

स्वतःचा पगार मात्र जपून माग, एनएसएफ साधारणपणे वर्षाला 2 महिन्यांपर्यंतच देते. मुख्य वर्णन 15 पानांत आणि सारांश एका पानात बसव. मोठ्या विद्यापीठाला सोबत घेतलंस तर विषय तुझाच राहू दे आणि बजेटचा मोठा वाटाही आपल्याच कॉलेजकडे ठेव. या बाबतीत भीड धरू नकोस.

योजनेचं चालू घोषणापत्र नीट वाच, मग तुझ्या कल्पनेचं एक पानी टिपण प्रोग्रॅम ऑफिसरला, म्हणजे एनएसएफमध्ये ती योजना बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठव. ते पाठवण्याआधी मला दाखव, शनिवारी बसून वाचू.